उजव्या कोपऱ्यातला ठिपका

मल्लिनाथआप्पा तुमच्याशी बोलतात तेव्हा तुमच्याकडे बघत नाहीत. त्यांच्या उजव्या हाताला, तुमच्या खांद्याच्या वीतभर वर, हवेत कुठेतरी त्यांची नजर लागलेली असते. नवीन माणूस हमखास मागे वळून बघतो. भिंतीवर पाल आहे का, कुणी येऊन उभं राहिलं आहे का, याची खात्री झाली की तो जरा बाजूला सरकतो. आप्पांची नजरही तेवढीच सरकते. आम्ही या इमारतीत राहायला आलो तेव्हा आठवडाभर मी माझे केस पुन्हा पुन्हा बांधत होते.

मग कारण कळलं. आप्पा उभं आयुष्य गावातल्या एका जुन्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. सकाळी तेलुगू, दुपारी हिंदी, संध्याकाळी मराठी, असे खेळ तिथे चालायचे. सिनेमा म्हणजे एकामागून एक रिळं आणि केबिनमध्ये दोन मशिनं. एका मशिनावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक गोल ठिपका लुकलुकतो. प्रेक्षकांना तो कधी दिसत नाही, ऑपरेटरला दिसावाच लागतो. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन चालू करायचं, दुसऱ्या ठिपक्याला चित्र एकावरून दुसऱ्यावर उडी मारतं. डोळा जरा लवला तर पडदा पांढरा, आणि खालून शिट्ट्या, चपला, ऑपरेटरच्या आईबापांचा उद्धार. टॉकीज बंद पडून कैक वर्षं झाली, तिथे आता मोटारसायकली विकतात. आप्पांचा डोळा मात्र त्या कोपऱ्यातच राहिला.

"माणूस बोलाय लागला की मला वाटतंय, आता ह्याचं रीळ सपायला आलं, आता ठिपका यील," असं त्यांनी मला एकदा सांगितलं. खरं सांगायचं तर बहुतेक लोक बोलताना मीही त्याचीच वाट बघत असते. आप्पा ते उघडपणे करतात, एवढाच फरक.

माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचा माझा चिडका सूर तुम्ही समजून घ्याल. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. दिवसभर दुसऱ्यांची पोरं सांभाळून घरी आलं की मला पोर नावाचा प्राणी डोळ्यांसमोर नको असतो. आमच्या शाळेत आता फळ्याच्या जागी भलामोठा पडदा आहे. नदी कशी वाहते हे त्यावर दाखवायचं आणि वीज गेली की नदी थांबवून पोरांना डबे खायला सांगायचं. 'मुलांना मोबाईलपासून दूर ठेवा' हा संदेश आम्ही पालकांना मोबाईलवर पाठवतो. त्याला पालक मोबाईलवरून हात जोडलेलं चित्र पाठवतात. इतकं झालं की सगळ्यांना आपापलं कर्तव्य केल्यासारखं वाटतं.

जुळे सोलापूर भागातल्या आमच्या इमारतीखाली गाड्या लावायची जागा आहे, आणि माझी निजायची खोली नेमकी तिच्यावर येते. मे महिन्यात सोलापुरात बाहेर पडणं म्हणजे तव्यावर पाय ठेवणं. घराघरांत पोरं पंख्याखाली आडवी आणि हातात आईचा नाहीतर बापाचा फोन. दोन-अडीच वर्षांपूर्वीच्या अशाच एका सुट्टीत आप्पा एका दुपारी खाली आले, फरशीवर पाण्याचा सडा मारला, सतरंजी अंथरली आणि जिन्याच्या तोंडाशी उभं राहून ओरडले, "चला, ख्येळ सुरू हुतोय."

एक पोरगी उतरली. अक्षता तिचं नाव, घरात तेलुगू बोलणारी, बापाचे चादरीचे माग, आणि दुर्दैवानं माझ्याच वर्गातली. मग तिच्या मागून दोघं, मग चौघं, आणि आठवड्याभरात सगळी सतरंजी भरली.

खेळ असा. पोरं गोल करून बसायची. आप्पा एक गोष्ट सुरू करायचे, ऐन रंगात आली की म्हणायचे, "ठिपका!" की शेजारच्या पोरानं ती तिथून पुढे न्यायची. मध्ये श्वासाएवढीही फट पडता कामा नये. त्यानं मनाला येईल तितकी चालवायची आणि 'ठिपका' म्हणून पुढच्याच्या गळ्यात टाकायची. फट पडली की पडदा पांढरा. मग सगळ्यांनी शिट्ट्या मारायच्या, चपला आपटायच्या आणि "ए ऑपरेटर, झोपला का?" म्हणून बोंब ठोकायची. यात सगळ्यांत मोठी शिट्टी आप्पांची असे.

फोन आणायला त्यांनी कधीच बंदी केली नाही. "राहू दे की हातात. मी कशाला काढून घिऊ? फकस्त तुजा ठिपका चुकला तर लोक काय म्हंतील ते बघ." एकदा शिट्ट्या खाल्लेलं पोर दुसऱ्या दिवशी फोन घरी ठेवून यायचं. आमच्या शाळेनं यासाठी एक समिती नेमली होती आणि ती अजून चहा पिते आहे.

आणखी एक गोष्ट मला फार खटकायची. इतका गोंधळ चाले, पण आप्पा कुणाला 'गप्प बसा' म्हणत नसत. दोन पोरं एकदम बोलली तरी नाही, एखादं विषय सोडून भलतंच बरळलं तरी नाही. ते मूळचे कर्नाटकाच्या सीमेवरच्या मैंदर्गीचे, त्यामुळे मोजदाद, देवाचं नाव आणि शिव्या हे सगळं कन्नडमध्ये. पोरांना ते शिव्यासुद्धा शिकवायचे. पण 'गप्प बसा' तेवढं कधीच म्हणत नसत. ज्या शब्दांवर माझी आख्खी नोकरी उभी आहे, ते हा माणूस तोंडातून काढत नाही, याचा मला रागच यायचा.

त्या सुट्टीत सुरू झालेली आणि पुढे दर सुट्टीत चालू राहिलेली गोष्ट होती म्हशीची. बार्शीच्या एस्टीत एक म्हैस चढली, इतकंच आप्पांनी सांगितलं आणि ठिपका दिला. अक्षता म्हणाली, कंडक्टरनं विचारलं, हाफ का फुल? पुढचा म्हणाला, म्हशीला राग आला आणि तिनं तिकिटाचं मशीनच गिळलं. त्याच्या पुढची म्हणाली, आता म्हैस रेकली की तिकीट बाहेर येतं. कुठून येतं, यावर पोरांनी जी चर्चा केली ती मी इथे लिहीत नाही. शेवटी आप्पांनी कानातून येतं असा निकाल दिला. दुसऱ्या दिवशी म्हैस करकंबच्या बाजारात तिकिटं विकत होती, तिसऱ्या दिवशी तिच्या मागे तपासनीस लागला होता. मी डोळ्यांवर ओला नॅपकिन टाकून पडलेली, आणि खालून हे असं कानावर येणार.

एके दिवशी मी तरातरा खाली गेले. "आप्पा, ही काय वेळ आहे का? वर्षभर दमलेल्या माणसांनी सुट्टीत जरा पाठ टेकावी म्हटलं तर..." आप्पा नेहमीप्रमाणे माझ्या खांद्यावर बघत मान हलवत होते. मी श्वास घ्यायला थांबले. ते हळूच म्हणाले, "ठिपका."

अक्षता ताडकन उठली. कमरेवर हात, चष्मा नाही तरी चष्म्यावरून बघितल्यासारखं. "तर डोळ्याला डोळा लागत नाही! हा वर्ग आहे की मंडई? मागचा बाक, उभे रहा!" हुबेहूब माझा आवाज. पुढचं पोर म्हणालं, "उद्या पालकांना घेऊन या!" त्याच्या पुढचं, "तुमचं भवितव्य मला स्पष्ट दिसायलंय!" मध्ये एकदाही फट पडली नाही. मी जिना चढले. हे शेवटचं वाक्य मी वर्गात खरंच म्हणते.

पालकांचं काय सांगावं? त्यांना आप्पा म्हणजे देवानं पाठवलेला माणूस वाटला, पण कशासाठी ते ऐका. एक आई जिन्यात दुसरीला म्हणाली, "बरं झालं बाई, दोन तास पोरगं खाली असतंय. निवांत मोबाईल तरी बघता येतोय." सोनाली नावाची आमच्यातली एक हौशी बाई. ती खाली येऊन आप्पांचं आणि पोरांचं चित्रण करून गेली, त्याला बासरीचं संगीत लावलं, वर लिहिलं 'पडद्याविना बालपण', आणि टाकलं सगळीकडे. दुसऱ्या दिवशी अर्धी सतरंजी रिकामी. पोरं वर घरात बसून फोनवर स्वतःला गोष्ट सांगताना बघत होती. आप्पांनी सोनालीला काही म्हटलं नाही. मला म्हणाले, "आमचं रीळ पंधरा-वीस मिन्टांचं असायचं. ह्येंचं अर्ध्या मिन्टात सपतंय. तेवढ्यात तर आमची तंबाकू पन मळून हुत न्हवती."

पोरं दोन दिवसांत परत आली. स्वतःला बघून त्यांनाही कंटाळा आला असावा.

गेल्या मे महिन्यात आप्पांच्या अंगात काहीतरी संचारलं. घरातून एक लाकडी स्टूल घेऊन ते खाली आले आणि पॉलिश पेपरनं घासायला बसले. टॉकीज बंद झाली तेव्हा कामगारांनी खुर्च्या नेल्या, पंखे नेले. आप्पांनी केबिनमधलं हे स्टूल आणलं होतं. त्याला त्यांनी हिरवा ऑइलपेंट दिला, उन्हात वाळवलं आणि सतरंजीच्या गोलात एक जागा करून तिथे ठेवलं. "हितं कुनी बसायचं न्हाई. ही बाल्कनी हाय. माजा नातू येनार हाय पुन्याहून."

आप्पांना नातू आहे हे मला तेव्हा कळलं. मुलगा महेश पुण्यात, सून पण नोकरीला, आणि अर्णव पाचवीतून सहावीत गेलेला. त्याला सांभाळणारी बाई ऐन सुट्टीत काम सोडून गेली, म्हणून महिनाभर आजोबांकडे. नाइलाज म्हणून का होईना, येणार होता. आप्पांनी शेंगाची चटणी कांडून घेतली, माठ बदलला, आणि एका संध्याकाळी माझं दार वाजवलं.

"बाई, तुमी शिकवता. विंग्रजी शाळंतल्या पोराला म्हैस कळंल की?"

"म्हैस कळेल आप्पा. एस्टी कळते का बघा."

ते हसले नाहीत. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्याकडे बघत राहिले. "फोनवर 'हाय आजोबा' म्हंतोय आन फोन आईकडं देतोय. लई गप हाय पोरगं. मोबाईल सुटावा आसं न्हाई म्हनत मी. चार पोरांत बसून एकदा बोलावं त्यानं. एक रीळ घेतलं की झालं माजं."

मी म्हटलं, घेईल की. बोलायला काय जातंय?

अर्णव आला. चष्मा, पांढरे बूट, मांडीएवढा टॅब आणि कानांवर हे एवढे मोठे हेडफोन. त्याला बस म्हटलं की बसायचा, जेव म्हटलं की जेवायचा, नमस्कार कर म्हटलं की वाकायचा. मला येऊन नमस्कार केला आणि मी 'कितवीत गेलास' विचारेपर्यंत कान बंद करून मोकळा झाला होता. इतकं शांत मूल वर्गात मिळालं तर एरवी मी पेढे वाटले असते.

पहिल्या दिवशी आप्पांनी त्याला हाताला धरून हिरव्या स्टुलावर बसवलं. गोष्ट फिरत फिरत त्याच्यापाशी आली. "ठिपका!" अर्णवची नजर टॅबमध्ये. पडदा पांढरा. पोरांनी नियमाप्रमाणे शिट्ट्या मारल्या, चपला आपटल्या. त्यानं दचकून वर बघितलं आणि हेडफोन दोन्ही हातांनी आणखी घट्ट दाबले. त्या दिवशी आप्पांची शिट्टी आली नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मी वर पडून ऐकत असे, आणि गोष्ट स्टुलापाशी आली की मीच डोळ्यांवरचा नॅपकिन काढून उठून बसे, याचा मला भयंकर राग यायचा. रोज शिट्ट्या पडायच्या. आप्पा टॅब काढून घेत नव्हते, रागावत नव्हते, 'बोल रे' म्हणत नव्हते. फक्त आपला ठिपका यायचा आणि वाया जायचा. म्हातारा आठवड्यात वाळल्यासारखा दिसायला लागला.

मग एक दिवस मी कढीपत्ता आणायला म्हणून खाली गेले, तेव्हा बघितलं की अर्णवचा एक कान उघडा आहे. हेडफोनची एक बाजू त्यानं डोक्यामागे सरकवली होती. त्यानंतर मला रोज कढीपत्ता लागायला लागला. म्हशीनं एस्टीच्या ड्रायव्हरलाच विनातिकीट पकडलं, तेव्हा पोरगं हसलं. टॅबकडे बघत हसलं, पण टॅबवर त्या वेळी हसण्यासारखं काही नव्हतं, मी मागून डोकावून पाहिलं होतं. आप्पांनीही ते बघितलं. त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या घरी वाटीभर चटणी आणून दिली.

पुढच्या रविवारी महेश मुलाला भेटायला येणार होता. दुपारपर्यंत येतो म्हणाला होता, संध्याकाळ व्हायला आली तरी पत्ता नव्हता, म्हणून आप्पांनी खेळ सुरू केला. अर्णवनं टॅब मांडीवर पालथा ठेवला होता. अक्षतानं म्हैस पळवत पळवत मोठ्या रस्त्याला आणून सोडली आणि म्हणाली, "ठिपका." पोरांनी सवयीनं तोंडात बोटं घातली.

"म्हैस पुण्याला आली," अर्णव म्हणाला.

बोटं तोंडातच राहिली.

"आमच्या सोसायटीत आली. वॉचमननं विचारलं, कुठल्या फ्लॅटला जायचंय? ती म्हणाली, अकराशे दोन. वॉचमननं वर फोन केला, पण कुणी उचलला नाही, कारण घरी कुणी नसतंच. मग ती अशीच लिफ्टमध्ये घुसली. वॉचमन शेपूट धरून ओढत होता." पोरं फिदीफिदी हसली. त्याचा आवाज जरा वाढला. "लिफ्टमध्ये आरसा असतो. तिनं आरशात बघितलं, तर तिला वाटलं की आत दुसरी म्हैस आहे. तिला एकदम बरं वाटलं. ती तिला म्हणाली, तू पण अकराव्या मजल्यावर राहतेस का? मग ती..."

मी आप्पांकडे बघितलं. ते कोपऱ्याकडे बघत नव्हते. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच त्यांना सरळ कुणाच्या तोंडाकडे बघताना पाहत होते. त्यांना आता ठिपका यायलाच नको होता.

महेश गाडी लावून कधी आत आला, कुणाच्या लक्षात आलं नाही. तो गोलाबाहेर उभा होता आणि त्याचं लक्ष स्टुलावर होतं. हिरवा रंग दिला तरी काठावरची भाजल्याची खोल खूण दिसत होती. केबिनमध्ये मशिनातल्या जळत्या कार्बनची कांडी कधी तरी त्याच्यावर पडली असणार.

"ऊठ," महेश म्हणाला.

"पप्पा, थांबा ना, माझा ठि..."

"गप्प बस, अर्णव. ऊठ तिथून." त्यानं दंडाला धरून पोराला उठवलं आणि मग आप्पांकडे वळला. "हेच स्टूल मिळालं का आप्पा तुम्हाला? ह्याच्यावर बसवलंत त्याला?"

"बाल्कनी म्हनून दिलं रे," आप्पा म्हणाले.

"बाल्कनी?" महेशचा आवाज चढला नव्हता, तो शिकलेल्या माणसासारखा हळूच बोलत होता, आणि म्हणून ते जास्त लागत होतं. "आई गेल्यापासून रोज शाळा सुटली की ह्याच्यावर बसलोय मी. शेवटचा खेळ सुटेपर्यंत. केबिनच्या त्या भिंतीतल्या भोकासमोर. एकच पिक्चर महिना महिना. भूक लागली म्हटलं, की सुम्न कूड. भीती वाटते म्हटलं, की सुम्न कूड. माझं अख्खं लहानपण ह्या दोन शब्दांत गेलं, आप्पा. आणि आता गावच्या पोरांना गोष्टी सांगताय?"

सुम्न कूड म्हणजे कन्नडमध्ये गप्प बस. आप्पा पोरांना हे का म्हणत नाहीत, याचा माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला, आणि पडला नसता तर बरं झालं असतं असंही वाटलं. मला महेशचा संताप आला होता आणि तो बोलत होता त्यातला शब्द न् शब्द खरा वाटत होता.

आप्पा म्हणाले, "जेवून तर जा. कडक भाकरी हाय."

"नको. अर्णव, बॅग आण."

माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "तो बोलत होता."

"काय?"

"अर्णव. तुम्ही आलात तेव्हा तो बोलत होता. तुम्ही गप्प बस म्हणालात."

महेशनं माझ्याकडे बघितलं, मग पोराकडे. अर्णवनं हेडफोन चढवले होते, टॅब सुरू केला होता आणि सांगितल्याप्रमाणे बॅग आणायला जिन्याकडे निघाला होता. महेशच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. मला वाटलं, आता हा त्याला हाक मारेल. पण तो म्हणाला, "उशीर होईल. पुढे ट्रॅफिक लागतं." पाव तासात गाडी गेटबाहेर होती. नाइलाजानं आलेलं पोर कुठल्या नाइलाजानं परत नेलं, ते त्यालाच माहीत.

मी सतरंजी गोळा करायला लागले, म्हणजे काहीतरी करायचं म्हणून. आप्पा स्टुलाच्या काठावरून बोट फिरवत म्हणाले, "त्येला वाटतंय, मशिनाच्या आवाजात तो काय म्हंतोय ते मला कळत न्हवतं, उगंच गप बस म्हनायचो. तसंच वाटू द्या. ऐकू यायचं, बाई. समदं ऐकू यायचं. पर मान वळवली तर ठिपका जायचा की." मग स्टूल उचलून ते घरात गेले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते खाली आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मला माझी दुपारची झोप परत मिळाली होती आणि मी टक्क जागी पडून होते. शेवटी पोरांनीच त्यांचं दार बडवलं. अक्षता आत घुसली, स्टूल उचलून खाली घेऊन आली आणि गोलात होतं तिथे ठेवलं. आप्पा तिच्या मागून उतरले. पोरांनी त्यांना काही विचारलं नाही, मोठ्या माणसांनी मात्र पुढचे पंधरा दिवस जिन्यात गाठून सगळं विचारलं.

आता शाळा सुरू झाल्यात. शिकवण्या, टॅबवरचे अभ्यास आणि आमच्या शाळेचा तो पडदा, यांतून जी उरतात तेवढी पोरं संध्याकाळी खाली येतात. महेशचा फोन येतो का, ते मी विचारत नाही. आप्पांच्या खिशात फोन असतो, तो आवाज मोठा करून ठेवलेला असतो, आणि तो वाजला की बहुतेक वेळा कुठल्या तरी कर्जाची जाहिरात असते. मी आता कढीपत्त्याचं निमित्त करत नाही, प्लास्टिकची खुर्ची घेऊन सरळ खाली जाऊन बसते. माझाही ठिपका येतो. मला दोनदा शिट्ट्या पडल्यात.

गोष्ट नवी चालू आहे, तिच्यात एक भूत आणि चादरीचा कारखाना आहे. म्हशीची गोष्ट पोरांनी पुढे नेली नाही. मी एकदा सुचवून बघितलं, की म्हशीला त्या लिफ्टमधून बाहेर तरी काढा. अक्षता म्हणाली, "बाई, ते रीळ अर्णवचं हाय की."

हिरवं स्टूल गोलात असतं. भुताची गोष्ट फिरत फिरत त्याच्यापाशी येते, अलीकडचं पोर 'ठिपका' म्हणतं, आणि आप्पा त्या रिकाम्या स्टुलाकडे बघत राहतात. वर कोपऱ्याकडे नाही, बसलेल्या माणसाचं तोंड जिथे यावं तिथे. नातवाचं की त्याच्या आधी तिथे बसलेल्या पोराचं, हे मला माहीत नाही. फट वाढत जाते. पडदा पांढरा झालेला असतो. एरवी श्वासभर उशिराला शिट्ट्या मारणारी ती कार्टी तेवढा वेळ गप्प बसतात, आणि त्यांना कुणीही गप्प बसा म्हटलेलं नसतं.